पुढची काच फुटते, पण पडत नाही

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, महिला मंडळाच्या सौ. प्रमिलाबाई, व्यासपीठावर विराजमान झालेले सोनगीरचे सरपंच रुपचंद आबा, ज्यांच्या दुकानातून आलेली समई आपण मघाशी लावली ते नेमीचंदशेठ, आजच्या सत्कारमूर्ती, माझ्या विहीणबाई श्रीमती भिकुबाई, आणि समोर सतरंजीवर, मागे खांबाला टेकून आणि बाहेर खिडकीचे गज धरून ऐकणाऱ्या माझ्या सगळ्या बहिणींनो आणि भावांनो, वच्छलाबाईचा तुम्हाला नमस्कार.

मला अक्षरओळख नाही. हे भाषण मी तोंडी सांगितलं आणि माझ्या नातीने, चारुशीलाने, ते उतरवून घेतलं. ती पुढे कागद धरून बसली आहे. कागदावर तिने माझं बोलणं जरा इस्त्री करून ठेवलं आहे, तेव्हा मधे कुठे सुरकुती दिसली तर ती माझी समजा.

सत्कारमूर्तींचे गुण आधी सांगावेत अशी रीत आहे. भिकुबाईंनी या गावात बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं मंडळ उभं केलं, घरात बसलेल्या बायकांना चार पैसे मिळवायला शिकवलं, त्यांच्या हातची बिबडी नाशिकपर्यंत गेली, हे प्रमिलाबाईंनी सांगितलं. मग आबांनी सांगितलं. शेठजींनी तर दोन वेळा सांगितलं. आता मीही तेच सांगू लागले तर तुम्हाला जेवणाची आठवण येईल. शिवाय मी विहीण आहे. विहिणीने गुण सांगायचे नसतात, ते इतरांनी सांगितले की नाक मुरडायचं असतं.

म्हणून मी तुम्हाला मोटारीच्या काचेबद्दल सांगणार आहे.

हसा, हसा. पण भिकुबाई आज सोनगीर सोडून जळगावला माझ्या घरी राहायला निघाल्या आहेत, निदान आपण सगळे तसं धरून चाललो आहोत, त्याला ती काच कारण आहे.

त्यांची एकुलती एक लेक सुनंदा माझी सून, हे तुम्हाला माहीतच आहे. माझा मुलगा पितांबर केळीवाल्यांना ठिबकच्या नळ्या विकतो. धंदा बरा चालला, म्हणून गेल्या चैत्रात त्याने नवी मोटार घेतली. गाडीचं नाव मी घेत नाही, गाडीचा काही दोष नव्हता. पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली, लाल फडक्यात बांधलेला पूजेचा नारळ पुढच्या काचेखाली ठेवला. आणि मग पितांबरने आळीतल्या माणसांना गोळा करून गाडी समजावून सांगायला सुरुवात केली. त्यातही इंजिनाचं त्याला फार काही येत नाही. त्याचा सगळा जीव पुढच्या काचेवर.

तो म्हणाला, ही साधी काच नाही. वरती हा निळसर पट्टा बघा, हा रंग काचेतच आहे, ऊन डोळ्यावर येत नाही. कडेने ही काळी शाई आणि तिच्या आत हे बारीक बारीक ठिपके बघा, ते शोभेचे नाहीत. काच गाडीला डिंकासारख्या मसाल्याने चिकटवली आहे, त्या मसाल्याला ऊन लागू नये म्हणून ती शाई. हा आरसा थेट काचेलाच डकवलेला. मागच्या काचेत या तारा आहेत, थंडीत काचेवर वाफ धरली की बटण दाबायचं, तारा तापतात आणि काच स्वच्छ. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पुढची काच एक नाही, दोन आहेत. दोन काचांच्या मधे एक पातळ पारदर्शक पडदा दाबून बसवलेला आहे.

मी विचारलं, "पडदा आहे तर दिसत कसं?"

तो म्हणाला, "आई, तुला नाही कळायचं."

हे वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. आधी सासऱ्यांनी म्हटलं, मग नवऱ्याने, मग मुलाने. माणसं बदलली, वाक्य तेच. मी काचेत माझं तोंड बघत राहिले.

आता विहीणबाईंचा एक नियम सांगते. तुमच्यातल्या मोठ्या बायकांना सांगायला नको, पण पुढे पोरी बसल्या आहेत. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, तिला मुलगा होईपर्यंत. सुनंदाला दोन मुली. चारुशीला आता कॉलेजात आहे, धाकटी दहावीला. म्हणजे इतकी वर्षं भिकुबाई माझ्या घरी येतात, ओट्यावर बसतात, लेकीला डोळे भरून बघतात, आणि तहान लागली की शेजारच्या मंदाबाईच्या घरी जाऊन पाणी पिऊन येतात. मी किती वेळा म्हटलं, "विहीणबाई, मंदाबाईचं पाणी आमच्याच नळाचं आहे, पाइप एकच." त्या म्हणायच्या, "पाइप एक व्हई, उंबरा एक नही ना."

तर वैशाखात पाचोऱ्याला सुनंदाच्या मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. भिकुबाई सकाळच्या बसने जळगावला आल्या. येताना माझ्यासाठी सोनगीरचा तांब्याचा तांब्या घेऊन आल्या. त्यांच्या हाताला सोनगीरचंच भांडं लागतं. मी तोच धुऊन, पाण्याने भरून, वर फुलपात्र ठेवून गाडीत घेतला. पितांबर आणि सुनंदा पुढे, आम्ही दोघी मागे. चारुशीलाची परीक्षा होती, ती आणि धाकटी घरी. सगळ्या काचा वर. गार हवा सुटलेली. विहीणबाई पदर आवरून अशा बसल्या होत्या की सीटला आपला भार होऊ नये.

पाचोऱ्याला मांडवाबाहेर गाड्यांची ही गर्दी. पितांबरने गाडी एका भिंतीच्या सावलीला लावली, तोंड भिंतीकडे. म्हणाला, "तुम्ही दोघी इथेच बसा. गुडघे दुखतात, मांडवात जागा नाही. आम्ही आहेर करून लगेच येतो. गाडी गार आहे." पुढची काच तापू नये म्हणून त्याने आतून तिला चंदेरी पुठ्ठा लावला, किल्ली काढली, बाहेरून दार लावलं. टक् करून चारही दारांच्या कळा एकदम खाली गेल्या. मला वाटलं, किती शहाणी गाडी.

आता लग्नात आहेर करून लगेच कोणी परत आलंय का? अक्षता पडायच्या होत्या. त्या पडल्या तर मुलीचा बाप हात धरून पंगतीला घेऊन गेला. वरणबट्टी, वांग्याची घोटलेली भाजी, वर तुपाची धार. मधेच उठलं तर यजमानाचा अपमान. सुनंदाने दोन वेळा विचारलं म्हणे, "आई बसल्यात ना गाडीत?" पितांबर म्हणाला, "गारव्यात बसल्यात, आपल्यापेक्षा सुखी आहेत."

गारवा थोड्याच वेळात संपला. सावली सरकली. खानदेशातलं वैशाखाचं ऊन मी तुम्हाला काय सांगू. मी दाराची कडी ओढली, दार हललं नाही. दुसऱ्या बाजूची ओढली, तीही तशीच. पोरांनी चालत्या गाडीत दार उघडू नये म्हणून मागच्या दारांना एक खटका असतो. पितांबरने तो लावून ठेवला होता. आमच्या दोघींचं वय मिळवलं तर त्यात गावातली सगळी पोरं मावतील, पण खटका आमच्यासाठी. काचेचं बटण दाबलं. किल्लीशिवाय ते मेलेलं.

बाजूच्या काचांना त्याने काळी फिल्म लावून घेतली होती. आतून बाहेरचं सगळं दिसत होतं, बाहेरून आतलं काही नाही. एक बाई आली, माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर वाकली आणि काचेत बघून नथ सरळ करायला लागली. मी काचेवर हात आपटले. ती नथ सरळ करत राहिली. पलीकडे बँड इतक्या जोरात होता की तिला तिचंही ऐकू आलं नसतं. मग तिने दातांवरून जीभ फिरवली, स्वतःकडे बघून समाधानाने हसली आणि गेली.

विहीणबाई म्हणाल्या, "बठ्ठी दुनिया दिखस, नही का?"

म्हटलं, "सगळी दिसते. पण जाता येत नाही."

"मंग त्यात नवं काय शे," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी हसलो. हसायला अजून दम होता तेव्हा.

मग तो दम कमी व्हायला लागला. मी तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतून घेतलं, एक घोट प्याले आणि त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी मान फिरवली. मी म्हटलं, "विहीणबाई, ही वेळ आहे का? तांब्या तुमच्याच गावचा आहे, तुमच्याच पैशांचा आहे."

"तांब्या मना शे, पानी तुमनं शे."

"पाणी नगरपालिकेचं आहे."

"तुमना उंबरामाईन ऊनं ना?"

म्हणजे, तुमच्या उंबऱ्यातून आलं ना. अशा बाईशी वाद कसा घालायचा तुम्हीच सांगा. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, घाम येत होता तो यायचा थांबला होता. मी चिडले. म्हटलं, "तुम्ही इथे गेलात तर मी सुनंदाला काय सांगू?" त्या म्हणाल्या, "सांगजा, माय इमानमा गई." म्हणजे, आई नेम न मोडता गेली. आणि डोळे मिटून घेतले.

तेव्हा मला भीती वाटली. इतकी वर्षं ज्या बाईची मी चेष्टा करत आले, ती माझ्या शेजारी, माझ्या घरच्या भरलेल्या पाण्याशेजारी, तहानेने जाणार होती.

पुढे जायचं ठरवलं. दोन सीटांच्या मधल्या फटीतून मी स्वतःला पुढे घातलं. डोकं गेलं, खांदे गेले, आणि मग नऊवारीचा घोळ अडकला. म्हणजे बंद गाडीत मी आणखी एकदा अडकले. म्हटलं, "विहीणबाई, मागून ढकला." त्यांनी एक धक्का दिला. आजवर कुठल्या विहिणीने विहिणीला तसं ढकललं नसेल, आणि कुठे ढकललं ते या सभेत सांगण्यासारखं नाही. मी कमरेपर्यंत पुढे गेले आणि तिथेच राहिले. हात पुढे मोकळे, मागचं काही दिसेना. हॉर्न दाबला. तो वाजला. पण मांडवाबाहेर हॉर्न वाजला तर लोक नाचतात, बघायला येत नाहीत. चंदेरी पुठ्ठा ओढून काढला. समोर ती मोठी काच, तिच्यापुढे भिंत.

मी म्हटलं, "विहीणबाई, बोलत राहा." मागून हं आलं. मी म्हटलं, "मला काहीतरी टोचून बोला. सुनंदाला मी कसं छळलं ते सांगा." परत हं आलं, बारीक. मग तेही आलं नाही.

माझ्या मनात एकच हिशोब. एवढी रुंद काच, तिलाच सगळ्यात लवकर तडा जाईल. हाताला नारळ लागला, पूजेचा. देवाचा नारळ असा वापरावा का, हा विचार मी केला नाही. विचार करायला देवाकडे वेळ आहे, माझ्याकडे नव्हता. फडक्यासकट नारळ उचलला आणि काचेवर हाणला. काही नाही. परत हाणला. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटली, पण काच जागच्या जागी. पुन्हा जीव खाऊन हाणला, तर फुटला तो नारळ. काच पांढरी झाली, भरभरून तडकली, आणि एक तुकडा खाली पडला नाही. तेव्हा मला पितांबरचा पडदा कळला. दिसण्याच्या आड येत नाही, जाण्याच्या येतो.

पण नारळाचं पाणी. फडक्यात राहिलेल्या खालच्या वाटीत ते होतं. मी ती वाटी खांद्यावरून मागे धरली. मागे वळता येत नव्हतं, दिसत नव्हतं. म्हटलं, "विहीणबाई, हे माझ्या घरचं नाही. हे देवाचं आहे. देवाचा उंबरा तुम्हाला चालतो का?"

काही नाही. मी वाटी तशीच धरून ठेवली. मग कोणीतरी वाटी धरली. त्या प्यायल्या, तो आवाज मी बँडमधूनही ऐकला. त्यानंतर मागून शब्द आले, "खवट शे."

माझ्या जन्मात मी इतकं गोड काही ऐकलं नाही.

भिंतीच्या टोकाला नथ्थू म्हणून एकाची उसाच्या रसाची गाडी होती. त्याला धडधड ऐकू आली. तो येऊन बघतो तर तडकलेली काच आणि आत हलणारा हात. तो ओरडला, "गाडीमा चोर शे, काच फोडी टाकी." आणि काय सांगू तुम्हाला, पंगत उठली. इतका वेळ दोन म्हाताऱ्या आत होत्या तर कोणी फिरकलं नाही. काच फुटली म्हटल्यावर अर्धा मांडव धावत आला. पितांबर सगळ्यात पुढे, हात तुपाचे. दार उघडून तो म्हणाला, "आई, काच?"

मग त्याने मागे सासूबाईंकडे बघितलं, आणि त्याच्या तोंडचा रंग गेला. मी त्याला दोष देत नाही. त्याने त्यांना उचलून घेतलं, तसंच दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी सलाइन लावलं. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "बाटली कोणाच्या उंबऱ्यातली ते विचारून घेतलंत का?" डोळे मिटलेलेच होते, पण त्यांनी माझ्या हाताला चिमटा काढला. तेव्हा मी रडले.

संध्याकाळी जळगावला घरी आणलं. पितांबर ओशाळला होता, आणि ओशाळला की तो समजावून सांगायला लागतो. म्हणाला, पुढची काच फुटते, पण पडत नाही. मधला पडदा तुकडे धरून ठेवतो. अपघातात माणूस बाहेर फेकला जाऊ नये, तोंडाडोळ्यात काच जाऊ नये, म्हणून ती सोय. तुम्ही चुकीची काच निवडलीत. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात काही टोकदार मारलं असतं तर तिचे साखरेसारखे दाणे झाले असते.

विहीणबाई पडल्या पडल्या ऐकत होत्या. म्हणाल्या, "धरी ठेवस ते चांगलं शे, जवाईबापू. पन माणूसले बाहेर निघानं व्हई तं?"

मग तो हळूच म्हणाला, "आई, पुढच्या दाराची कळ आतून वर ओढली असतीस तरी दार उघडलं असतं. तुझ्या कोपरापासून वीतभर होती."

मी म्हटलं, "बाळा, तू आम्हाला निळा पट्टा दाखवलास, ठिपके दाखवलेस, तारा दाखवल्यास. दार उघडायचं कधी दाखवलंस?"

मग ही चारुशीला, आत्ता मान खाली घालून बसली आहे ती, पाण्याचा पेला घेऊन आजीसमोर उभी राहिली. तिने विचारलं, "आजी, आम्हाला भाऊ असता तर तू आज गाडीत पाणी प्यायली असतीस?" भिकुबाई म्हणाल्या, "हो." ती म्हणाली, "मग आम्ही दोघी कोण आहोत?"

आवाज चढवला नाही तिने. खरंच विचारत होती. भिकुबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता या रागावतील. त्यांनी हात पुढे केला. पेला घेतला, आणि माझ्या उंबऱ्याच्या आत, लेकीच्या लेकीच्या हातचं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. सुनंदा स्वयंपाकघरात निघून गेली. तिला तिथे काही काम नव्हतं.

तेव्हापासून सुनंदा म्हणते आहे, आई, आता सोनगीरला एकटी राहू नकोस. पितांबर म्हणतो, खोली रंगवून ठेवली आहे. मीही म्हटलं. महिला मंडळाला कळलं, त्यांनी हा समारंभ ठरवला. शाल आली, श्रीफळ आलं, हार आला, फोटोवाला आला. सगळं प्रेमाने. आणि मघाशी प्रमिलाबाई त्यांच्या गळ्यात हार घालत होत्या तेव्हा मी बाजूने त्यांचं तोंड बघितलं. ते तोंड मी ओळखते. पाचोऱ्याच्या भिंतीपाशी बघितलं होतं.

आता पुढचं कागदावर नाही. हे मी चारुशीलालाही सांगितलं नव्हतं.

विहीणबाई, आम्ही सगळ्यांनी तुमची सोय बघितली. तुम्हाला यायचं आहे का, हे तुम्हाला कोणी विचारलं नाही. मी विचारते आहे, या सगळ्यांसमोर. नको असेल तर नको म्हणा. हार गळ्यात पडला म्हणून यायचं नाही. आम्ही जेवू, तुमच्या हातच्या बिबड्या बांधून घेऊ आणि गाडी रिकामी परत नेऊ. आबा रागावणार नाहीत, सुनंदा रडेल, तिला मी बघून घेईन. आणि यायचं असेल तर इथलं घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही. कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या कमरेला. मनात येईल त्या दिवशी उठायचं आणि बस धरायची, मला विचारायचंसुद्धा नाही.

थांबा. त्या काही म्हणतात. प्रमिलाबाई, तो माईक जरा तिकडे द्या. नको म्हणतात माईक. बरं, मलाच सांगा, मी सगळ्यांना सांगते.

ऐकलंत का? मागच्यांना ऐकू आलं नसेल. त्या म्हणतात, "आखाजीले माले माहेरले धाडशात का?"

आखाजीला, अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येऊन झोके घेतात. म्हणजे यायचं ठरलं, पण सासुरवाशीण म्हणून. मी सासू आणि हे गाव माहेर. या वयात मला आणखी एक सून मिळाली, आणि ती सुद्धा पहिल्याच दिवशी अटी घालणारी. धाडीन, विहीणबाई. दर आखाजीला धाडीन. न्यायला मात्र इकडून कोणीतरी आलं पाहिजे, आमच्याकडे तशी रीत आहे. आणि प्रमिलाबाई, शाळेपुढच्या निंबाला झोका बांधायचा, जाड दोराचा. तुमची लेक हलकी नाही.

मंडळाने मला परगावच्या बाईला बोलू दिलं, आबांनी आणि शेठजींनी घड्याळाकडे न बघता ऐकलं, तुम्ही सगळ्यांनी जेवण थांबवून ठेवलंत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाचं नाव मागेपुढे झालं असेल, कोणाचा मान राहून गेला असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि रागवायचंच झालं तर मला रागवा, हिला काही बोलू नका. ती आजपासून तुमची माहेरवाशीण आहे.